पाण्याच्या उलट चाला: ठाणे स्टेशन ते येऊर, एका दिवसात पायी

मी ठाण्यात ३१ वर्षं टपाल वाटलं. आधी चरई, मग नौपाडा, पाचपाखाडी आणि शेवटची सात वर्षं वर्तकनगर. निवृत्त झालो त्या हिवाळ्यात मनाशी ठरवलं, ज्या गावात आयुष्यभर तुकड्यातुकड्याने चाललो ते एकदा सलग चालायचं. खाडीजवळून निघायचं आणि येऊरच्या जंगलात पोचायचं. मधे रिक्षा नाही, बस नाही. तेव्हापासून दर जानेवारीत एका रविवारी मी हे चालतो. पहिल्या वर्षी एकटा होतो, आता सोबत भाची असते, सोसायटीतली चार-सहा माणसं असतात. दर वेळी नवीन कोणीतरी विचारतं, "काका, आम्हाला जमेल का? तयारी काय करायची?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी वाट कशी ठरवली ते सांगतो, कारण ते कळलं की चुकायची भीती राहत नाही. ठाणं उतारावर वसलेलं आहे. पश्चिमेला येऊरचा डोंगर, पूर्वेला खाडी. पाऊस डोंगरावर पडतो, ओहोळांनी खाली येतो, तळ्यांत थांबतो, उरलेला खाडीला मिळतो. म्हणून तर या गावात आजही तिसाहून जास्त तलाव आहेत. आपण या पाण्याच्या उलट चालायचं. स्टेशन, जेल, मग मासुंदा, कचराळी, उपवन हे तलाव, शेवटी येऊर. सकाळी रस्ते मोकळे असतात तोवर गाव चालून होतं आणि ऊन चढतं तेव्हा डोक्यावर झाडं येतात. काही जण येऊरपासून सुरुवात करून खाली येतात. त्यांना शेवटचा तास स्टेशनजवळच्या गर्दीत, थकलेल्या पायांनी काढावा लागतो. तसं करू नका.

सगळं मिळून, तळ्यांच्या फेऱ्या आणि येऊरचं येणं-जाणं धरून, माझ्या मोबाइलवर १९-२० किलोमीटर भरतात. सकाळी साडेसहाला निघालात तर दुपारी साडेतीनपर्यंत उपवनला परत याल. नोव्हेंबरची अखेर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. एका वर्षी आम्ही एप्रिलमध्ये गेलो, तेही निघायला नऊ वाजवून. येऊरच्या चढावर माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की त्याला सावलीत आडवं करून तासभर पाय चोळत बसलो. त्याने सकाळपासून पाव लिटरही पाणी प्यायलं नव्हतं, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. ती चूक माझी. आता दर तासाला सगळ्यांच्या बाटल्या बघतो. पावसाळ्यात येऊर फार देखणं असतं, पण तेव्हा धबधब्यांकडे जायला बंदी असते आणि ती योग्यच आहे. वर पाऊस कोसळला की खालचा ओढा बघता बघता फुगतो.

आता पाय. यावर मी जरा सविस्तर बोलणार, कारण अर्ध्यात सोडून जाणाऱ्या दहातल्या आठ जणांचे पाय थकलेले नसतात, सोललेले असतात.

नवे बूट घालून येऊ नका. निदान महिनाभर पायात असलेले, अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले बूट हवेत. पाय दुपारपर्यंत सुजतात, सकाळी नेमका बसलेला बूट बारा वाजता चावायला लागतो. नखं दोन दिवस आधी कापा, त्याच सकाळी नाही. टाचेला आणि करंगळीच्या कडेला खोबरेल तेलाचं बोट फिरवा. आधी पातळ मोजा, त्यावर जाड मोजा. मग घासाघीस होते ती दोन मोज्यांत होते, कातडीशी होत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा एका वयस्कर पोस्टमनदादांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली ही गोष्ट, आणि तिच्यावर मी तीन दशकं काढली. चालताना कुठे नुसतं गरम लागल्यासारखं वाटलं तरी तिथल्या तिथे थांबायचं, बूट काढायचा, जागा पुसायची, चिकटपट्टी लावायची. "पुढच्या तळ्यावर बघू" म्हणालात की तिथे फोडच बघायला मिळतो.

पिशवी पाठीवरची घ्या. एका खांद्यावरच्या पिशवीने कंबर कशी वाकडी होते ते कुठल्याही पोस्टमनला विचारा. आत माणशी दोन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, टोपी, चिकटपट्टी, जास्तीचा एक मोजा आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. जेवायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एखादा कांदा. दही-भात नको, डब्यात आंबतो. जंगलात वडापाव नेऊ नका. वासाने माकडं मागे लागतात आणि मग हातात काही ठेवता येत नाही.

स्टेशनला पश्चिमेकडे उतरा, शौचालयाचं तिथेच आटोपून घ्या. पुढे मुख्यतः बायकांची पंचाईत होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून १४ डब्यांची पहिली प्रवासी गाडी निघाली ती ३४ किलोमीटर चालून इथे आली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्या रुळांनी चेंदणी कोळीवाड्याचे दोन भाग केले, अर्धा पश्चिमेला राहिला, अर्धा पूर्वेला, हे तिथल्या घरांत जाऊन बसलं की समजतं. पश्चिमेच्या चेंदणीतून चालत खारकर आळीकडे या. सकाळी सातच्या आत वाऱ्याला खाडीचा वास असतो. नंतर तो डिझेलखाली दबतो.

तिथून जेलच्या भिंतीपाशी. ही भिंत म्हणजे ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, पुरता व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी, म्हणजे ठाणं ज्यात येतं ते बेट, जिंकली, आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. आत जाता येत नाही, फोटोही काढू नका, पण भिंतीच्या कडेने शांतपणे चाला. १९ एप्रिल १९१० ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना याच भिंतीआड फाशी दिलं. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. मी इथे दर वेळी टोपी काढतो, सोबतची मुलंही आपोआप गप्प होतात.

या किल्ल्याची आणखी एक हकिकत माझ्या धंद्यातली आहे. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होते. पहारा गोऱ्या शिपायांचा, त्यांना मराठी येत नव्हतं. बाहेर घोड्याला खरारा करणारा एक मराठी मोतद्दार रोज गाणं म्हणायचा, आणि सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यातून आत पोचायचा. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले. शिक्का नाही, पाकीट नाही, पण निरोप बरोबर माणसाला बरोबर वेळी पोचला. या भिंतीजवळ मी हे नेहमी मुलांना सांगतो.

इथून मागे फिरून जांभळी नाक्याने कौपिनेश्वराला जा. बाजार उघडायचा असतो, भाजीचे टेम्पो उतरत असतात, गोणीवरून पाय घसरतो तेवढा सांभाळा. देऊळ मूळचं शिलाहार राजांच्या काळातलं मानतात, आज दिसतं ते पेशवाईतलं बांधकाम. आतलं शिवलिंग महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या लिंगांपैकी आहे, एका माणसाच्या कवेत मावत नाही. शिलाहारांच्या वेळी ठाण्याचं नाव श्रीस्थानक. त्यांच्या अरिकेसरी राजाचा १०१७ सालचा ताम्रपट ठाण्यातच, किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खणताना सापडला. त्या पत्र्यावर कुठली जमीन कोणाला दिली ते लिहिलेलं आहे, तेही चतुःसीमेसकट. हजार वर्षांपूर्वीचा पत्ताच म्हणा ना.

देवळातून बाहेर आलात की समोर मासुंदा. आम्ही तलावपाळी म्हणतो. पूर्ण एक फेरी मारा, घड्याळाच्या दिशेने, म्हणजे उगवतीचं ऊन डोळ्यांवर कमी वेळ येतं. काठावर सेंट जॉन चर्च, त्याची पाळंमुळं पोर्तुगीजांच्या काळातली, आणि १९७८ साली सुरू झालेलं गडकरी रंगायतन. नाश्ता इथेच उरका. मामलेदार कचेरीजवळची मिसळ सकाळी सोसणाऱ्यांनी खावी, पण तिखट नको म्हणून आधीच सांगा. पुढे अजून बराच पल्ला चालायचा आहे आणि तिखटाने तहान वाढते. मी स्वतः दोन केळी आणि चहा घेतो.

पाचपाखाडीत महापालिकेच्या मुख्यालयाजवळ कचराळी तलाव आहे. तिथे लिहिण्यासारखं फारसं नाही, पण चालण्यासारखं आहे. काठाने नीट पायवाट, बाकं, झाडं. पहिले सहा-सात किलोमीटर इथे पुरे होतात, म्हणून सगळ्यांनी बूट काढून पाच मिनिटं पाय मोकळे करायचे. ज्याच्या टाचेवर लाली दिसेल त्याला इथेच पट्टी. आणि ज्याला वाटतंय की आज जमणार नाही, त्याने इथूनच घरी जावं. इथे रिक्षा मिळते, येऊरच्या अर्ध्या चढावर मिळेल असं धरून चालू नका.

यानंतरचा दीड-दोन किलोमीटरचा पट्टा नावडता आहे, तो चटकन चालून टाका. द्रुतगती महामार्ग नितीन कंपनी किंवा कॅडबरी नाक्याला सिग्नलवरच ओलांडा, पुलाखालून वाकडंतिकडं धावू नका. बघा, ठाण्याचे नाके कारखान्यांच्या नावांनी ओळखले जातात. नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाइज. धुराडी गेली, नावं पत्त्यात राहिली. पोखरण रस्त्यावरची रेमंडची गिरणी १९२५ मधली. तीही बंद झाली, आता तिथे मनोरे आहेत. वर्तकनगरच्या चाळींत कामगार राहायचे आणि पगार झाला की गावी मनीऑर्डर करायचे. ती पोचली की पोचपावती परत यायची, ती मी नेऊन द्यायचो. पावतीवर निळ्या शाईचा आईचा अंगठा असायचा. काही माणसं त्या अंगठ्यावरून हात फिरवायची आणि पावती खिशात ठेवायची. या रस्त्याने जाताना मला मनोरे दिसत नाहीत, त्या पावत्या आठवतात. तुम्हाला इथे कंटाळा आला तर कडेची झाडं मोजत चला. पर्जन्यवृक्ष बरेच आहेत, दुपारी त्यांची सावली पार पलीकडच्या कडेपर्यंत जाते.

उपवनला पोचलात की हवा बदलते. तलावाच्या मागे सरळ डोंगर उभा राहतो. साधारण साडेदहा वाजलेले असतात. पाण्याच्या बाटल्या इथे पूर्ण भरून घ्या, वर भरवशाचं पाणी धरू नका.

येऊरचं फाटक उपवनपासून जवळच आहे. हा सगळा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा, एकूण १०४ चौरस किलोमीटरांचं जंगल, आणि त्याची पूर्वेची बाजू आपल्या वाट्याला आली आहे. फाटकावर वन खात्याच्या माणसांना नमस्कार करा, कुठे जाणार, किती जण, कधी उतरणार ते सांगा, त्या दिवशी काय नियम आहेत ते विचारा. गावाकडे जाणारा डांबरी रस्ता आहे, आपल्याला त्यावरूनच चालायचं. आत फुटणाऱ्या पायवाटा कितीही खुणावत असल्या तरी परवानगीशिवाय शिरायचं नाही. हे घर बिबट्याचं आहे, आपण पाहुणे.

चढ साडेतीन किलोमीटरचा धरा. छोटी पावलं टाका, एका लयीत. बोलताना दम लागला तर वेग कमी करा. उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असे, एकामागे एक चाला. रविवारी वळणावर मोटारसायकली फार जोरात येतात.

पहिल्या दोन वळणांनंतर थांबून फक्त कान द्या. भाचीला मी पहिल्या वर्षी डोळे मिटून शंभरपर्यंत मोजायला लावलं होतं. तिला चाळिसाला तांबटाची ठोकठोक ऐकू आली, सत्तरला वाळलेल्या सागाच्या पानावर काहीतरी चाललेलं. डोळे उघडले तर मुंगूस. साग, ऐन, पळस, काटेसावर, खाली करवंदाच्या जाळ्या आणि उतारांवर कारवी. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ च्या पावसाळ्यानंतर इथले उतार जांभळे झाले होते, ते मी पाहिलं. बाकीची वर्षं तिचं खरखरीत पान बोटांनी चोळून बघा, बारीक सॅंडपेपरसारखं लागतं. वारली घरांच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेण-मातीने लिंपलेल्या.

एका ऐनाच्या फांदीवर फुटबॉलएवढा तपकिरी गोळा लटकलेला दिसेल. मधमाश्यांचं पोळं समजून लोक पळतात. जवळ जाऊ नका, पण निरखून बघा. देवळाच्या कळसासारखे पदर एकावर एक बसवलेले दिसतील. मुंग्यांचं घर आहे ते, चघळलेल्या पानांचं आणि सालींचं. पावसाचं पाणी त्या पदरांवरून ओघळून जातं, आत शिरत नाही. फेब्रुवारीत आलात तर पळस पेटलेला असतो, काटेसावरीवर मैनांची झुंबड असते. उन्हाच्या तुकड्यात काळ्या पंखांवर निळा पट्टा असलेलं मोठं फुलपाखरू दिसलं तर ती राणी पाकोळी, २०१५ पासून आपल्या राज्याचं फुलपाखरू.

बिबट्या दिवसा दिसण्याची शक्यता फार कमी. तरी लहान मुलांना घोळक्याच्या मधे ठेवा, एकट्याने झाडीत लघवीला बसू नका. दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही. उभं राहायचं, मुलाला उचलून घ्यायचं, नजर त्याच्याकडे ठेवत हळूहळू मागे सरायचं. माकडांना काहीही देऊ नका.

वर येऊर गाव आणि पाटोणापाड्यासारखे आदिवासी पाडे लागतात. इथे आवाज कमी करा. ही माणसं आपल्या आधीपासून इथे आहेत, त्यांची अंगणं ही आपली सहलीची जागा नव्हे. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. रस्त्याकडेला एखादी मावशी आवळे, चिंचा, वालाच्या शेंगा घेऊन बसलेली असते. घासाघीस न करता घ्या. गेल्या जानेवारीत अशाच एका मावशीने आमच्या सोसायटीतल्या मुलाला चिंचेच्या बोटुकाबरोबर मिठाचा खडा दिला, पानात गुंडाळून. पान पळसाचं, काडीने टोचलेलं. त्याने ते पान घरी नेऊन वहीत ठेवलं आहे.

जेवण साडेबारापर्यंत, झाडाखाली, रस्त्यापासून दिसेल अशा जागी. अर्धा तास पुरे. जास्त बसलात तर पाय आखडतात. उष्टं, सालं, कागद, सगळं पिशवीत भरून खाली. कांद्याचं सालसुद्धा. मागे एकदा एका बंगल्यातून भरदुपारी मोठमोठ्याने गाणी चालू होती, तासभर एक पाखरू बोललं नाही. मी जाऊन हात जोडले, बंद करा म्हटलं, कोणी ऐकलं नाही. तेव्हापासून आमच्या गटात नियम केला आहे, येऊरमध्ये कोणाचा मोबाइलही गाणं म्हणणार नाही.

उतरायच्या आधी रस्त्यालगतच्या ओढ्यापाशी थांबा. जानेवारीत दगडांमधून बोटभर धार असते, कधी नुसती ओल. सकाळी जिथून निघालो त्या खाडीला मिळणारं पाणी इथून सुटतं. हात ओला करा, पिऊ मात्र नका.

उतरताना बुटांच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधा, बोटं पुढे आपटू देऊ नका. सगळ्यांत जास्त नखं उतारावर काळी पडतात. गुडघे किंचित वाकवून, टाच हळू टेकवत या. तीनच्या आत फाटकाबाहेर पडायचंच, थंडीत डोंगराच्या आड दिवस लवकर जातो. फाटकावर सकाळच्या माणसाला "सगळे उतरलो" असं सांगून जा. तो मोजत असतो.

उपवनहून स्टेशनकडे टीएमटीची बस मिळते. घरी पोचल्यावर कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकून दहा मिनिटं पाय बुडवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. फोड आला असेल तर फोडू नका, तसाच झाकून ठेवा. रात्री भिंतीला पाय टेकवून पाच मिनिटं पडून राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटऱ्या दुखतील, तरी अंथरुणात पडून न राहता अर्धा तास सपाट रस्त्यावर चाला. जवळचा तलाव गाठलात तर उत्तम.